घरट्याचे अन् अंड्यांचे फोटो छापू नका, साहेब

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात वाचलं की पक्षी सप्ताह येऊन राहिला, ५ ते १२ नोव्हेंबर, तर वाचकांनी घराजवळ काढलेले पक्ष्यांचे फोटो पाठवा, निवडक छापू. वाचून खरंच आनंद झाला. २०२० पासून सरकारनं हा सप्ताह सुरू केला पण आमच्या खेड्यात तो फक्त शाळेच्या फळ्यावर दिसते. पेपरात दारातला बुलबुल आला, साळुंकी आली तर लोक आपल्याच वाडीकडे वेगळ्या नजरेनं पाहतील. विदर्भातला पेपर म्हटला की ताडोब्याचा वाघ ठरलेला असते, त्यात पक्ष्याला पानभर जागा मिळून राहिली हे लय चांगलं आहे. मी पण सोबत फोटो पाठवून राहिलो. पण त्याआधी एक विनंती आहे. पत्र लांबलं तर कापून छापा, पण तुम्ही स्वतः मात्र पूर्ण वाचा.

विनंती अशी की घरट्याचे, घरट्यातल्या पिल्लांचे अन् अंड्यांचे फोटो कोणी पाठवले तर ते छापू नका. कितीही सुंदर असो, कितीही लहान पोरानं पाठवलेला असो. आणि जो पक्षी जागा धरून राहते त्याच्या फोटोखाली गावाचं, तलावाचं नाव टाकू नका, तालुका टाकला तरी पुरे आहे.

हे मी काहून म्हणून राहिलो ते सांगतो. मी साकोली तालुक्यातला, धानाची शेती आहे. घरामागं सांदवाडी म्हणजे परसातली वाडी, वाडीच्या पलीकडं बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं, अन् त्याच्याही पलीकडं गावचा मामा तलाव. बाहेरच्या वाचकांना नाव ऐकून वेगळंच वाटते म्हणून सांगतो, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या काळी आमच्या इकडच्या कोहळी लोकांनी बांधलेले, पूर्व विदर्भात असे हजारो आहेत, आणि जिथं असा तलाव आहे तिथं पक्षी पाहायला कुठं दूर जायचं कामच नाही. चार वर्षांपूर्वी नागपूरहून सेकंड हॅन्ड कॅमेरा आणला, ७०-३०० ची लेन्स, धानाच्या बोनसचे पैसे त्यातच गेले. तेव्हापासून सकाळचा एक तास माझा अन् पक्ष्यांचा.

या वर्षी मे महिन्यात बोडीच्या वरच्या अंगाला आमच्या वावरात टिटवीनं अंडी घातली. शेणखत टाकायला गेलो तर टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली, तेव्हाच समजलो की इथं कुठंतरी आहेत. पाय उचलून उचलून ठेवत मागं सरलो तरी दिसेना, मग दिसली, चार अंडी, मातीच्याच रंगाची, त्यावर काळे डाग, आजूबाजूला बारीक गोटे. घरटं म्हणावं असं काहीच नाही, उघड्या जमिनीवर नुसता खोलगट भाग. आमच्या इकडं म्हणतात टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, तेवढ्यासाठी म्हातारे लोक दरवर्षी पाहूनही ठेवतात. मी त्या पट्ट्यात खत टाकणं थांबवलं अन् धुऱ्यावरच्या मोहाखाली जाऊन बसलो, तिथून अंडी साठ-सत्तर पावलं असतील.

तिथं बसून मी जे पाहिलं ते मला आयुष्यभर पुरेल. दुपारचं ऊन, पारा ४५ च्या घरात, जमिनीला पाय लागत नव्हता. अंडी उबवायचा प्रश्नच नव्हता, अंडी वाचवायची होती. जोडीतला एक पक्षी अंड्यांवर पंख थोडे सैल सोडून उभा, म्हणजे सावली धरून उभा, चोच उघडी, गळा धपधप हलून राहिला. दुसरा उडून बोडीत गेला, बोडीत तेव्हा गुडघाभर पाणी शिल्लक होतं, तो काठच्या पाण्यात उतरला अन् दोनदा तीनदा खाली बसला, पोट भिजवलं, अन् तसाच उडून परत आला. आला तेव्हा पोटाच्या पांढऱ्या पिसांतून थेंब पडून राहिले होते, मी लेन्समधून ते थेंब पाहिले. पहिला उठला, हा ओल्या पोटानं अंड्यांवर बसला. मग पहिला बोडीवर गेला. तासाभरात पाच वेळा अशी पाळी बदलली. माझे हात थरथरत होते म्हणून बरेच फोटो हलले, एक मात्र नीट आला, तोच सोबत पाठवला आहे.

आता चूक सांगतो, ती माझीच आहे. तो फोटो मी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला अन् कौतुकाच्या भरात कोणत्या वावरात आहे तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचं एक पोट्टं मोबाईल घेऊन गेलं अन् सरळ वरून अंड्यांचा फोटो काढला, फोटो चांगलाच होता, चार अंडी टोकं आत करून ठेवलेली, रांगोळी काढल्यासारखी. तो फोटो पेपरात आला, गावाच्या नावासकट. कोणत्या पेपरात ते इथं महत्त्वाचं नाही, असे फोटो सगळेच पेपर छापतात. पुढच्या रविवारी दोन गाड्या आल्या. मी त्या दिवशी साळ्याच्या लग्नाला गेलो होतो. संध्याकाळी घरी आलो तर माय म्हणाली, "काय रे बाबू, ते लोक वावरात काय शोधून राहिले होते? टिटवी दोपारभर कल्ला करून राहिली होती, मला तर ऐकवेना." मायनंच त्यांना पाणी दिलं होतं, चांगले लोक होते म्हणाली, आजी आजी करून बोलले. अकरा वाजता आले अन् एक वाजून गेल्यावर गेले.

दोन तास, साहेब. मे महिन्यातले अकरा ते एक.

मी गेलो तर अंड्यांभोवती बुटांचे ठसे, गुडघे टेकल्याच्या खुणा, अन् ते बारीक गोटे होते ना, अंडी लपवणारे, ते बाजूला सारलेले, फोटो साफ यावा म्हणून. टिटवी परत बसली होती. नंतरही रोज बसत होती, रोज बोडीवर जाऊन पोट भिजवून येत होती. टिटवीची पिल्लं २८ ते ३० दिवसांत फुटतात. महिना झाला, वरचे दिवस झाले, मिरगाचा पाऊस आला, काहीच नाही. मग एक दिवस सकाळी गेलो तर जोडी उठून गेली होती अन् चारही अंडी पावसानं धुतलेली तशीच पडली होती. दुसरं काही कारण असेलही, पण मला तरी दिसत नाही. ज्या अंड्यांना दर पंधरा मिनिटांनी ओलं पोट लागत होतं ती दोन तास उघडी राहिली, तेही त्या उन्हात, त्यात काय होते हे सांगायला शिकलेला माणूस लागत नाही.

त्या लोकांवर माझा राग नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. टिटवी ओरडत घिरट्या घालते त्याचा अर्थ "निघा इथून" असा असते हे आमच्या गुराख्याच्या पोराला समजते, पण ज्यानं मोठी लेन्स पहिल्यांदा घेतली अन् पेपरात पाहून आला त्याला कसं समजणार? म्हणूनच हे पत्र मी वनखात्याला न लिहिता तुम्हाला लिहून राहिलो. फोटो छापला की तसाच फोटो काढायला पन्नास जण निघतात. छापलाच नाही तर कोणी काहून जाईल?

आणि हे फक्त भावनेचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे काय ते लिहिलं आहे, त्यात बंदूक अन् फासेच नाहीत, जंगली पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं अन् अंड्यांना, घरट्याला त्रास देणं हेही शिकारीतच धरलं आहे. म्हणजे गोटे बाजूला सारून फोटो काढणारा माणूस कायद्याच्या भाषेत कुठं उभा आहे ते पाहा. फोटोच्या कितीतरी स्पर्धा आता घरट्याचे फोटो घेतच नाहीत. ई-बर्डवर जगभरचे लोक आपल्या नोंदी टाकतात, तिथंही काही धोक्यातल्या पक्ष्यांचं नेमकं ठिकाण लपवलेलं असते. पेपरानं तेवढं केलं तरी लय होईल.

पावसाळ्यात नवरंग पक्ष्याचं असंच होते. नवरंग मिरगाच्या आसपास आमच्या झुडपी जंगलात येते, नावाप्रमाणंच रंग, अन् दोन स्वरांची शीळ इतकी मोकळी की ऐकणाऱ्याचा पाय थांबते. आता लोक मोबाईलला ब्लूटूथ स्पीकर लावून त्याचीच शीळ वाजवतात. त्याला वाटते दुसरा नर आपल्या जागेत घुसला, तो सगळं सोडून भांडायला उघड्यावर येते, फोटो मिळते. एक गाडी गेली की दुसरी येते, परत वाजवते. ज्या दिवसांत त्यानं घरट्याकडं पाहायचं, पिल्लांना किडे आणायचे, त्या दिवसांत तो नसलेल्या दुश्मनाशी भांडत बसते. असा वाजवून बोलावलेला फोटोसुद्धा नकोच.

सारसाचं तर तुम्हाला माहीतच आहे. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः गोंदियात, थोडा आमच्या भंडाऱ्यात. २०२१ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली इतकी वाईट स्थिती. तो धानाच्या बांधीतच घरटं करते, घरटं केलं की तेवढा धान गेला, तरी आता कितीतरी शेतकरी सांभाळतात. त्या शेतकऱ्याच्या बांधीत फोटोवाल्यांची रांग लागली तर धान तुडवला जाईल अन् सारसही उठेल, अन् पुढच्या वर्षी तो शेतकरी कोणाला सांगणार पण नाही.

मग फोटो काढायचेच नाहीत का, असं कोणी विचारेल. काढायचे, रोज काढायचे. मी तर म्हणतो जंगलात जायच्या आधी दोन वर्षं घराजवळच काढायचे. माझं सगळं शिक्षण गोठ्यात झालं. गोठ्याच्या दाराला जुना बारदाना लावला, त्याला लेन्सपुरतं भोक, समोर वाडीत मातीचं परळ पाण्यानं भरून ठेवलं. पहिल्या दिवशी काहीच आलं नाही. मग मायनं सांगितलं, पक्षी उडत येऊन सरळ पाण्यात पडत नाही रे, आधी कुठंतरी बसून पाहते. म्हणून परळाच्या बाजूला बोरीची एक वाळली फांदी रोवली, तर दुसऱ्या सकाळी दयाळ त्याच फांदीवर येऊन बसला, शेपटी वर करून. मागं हिरवी मेहंदी, दूर असल्यामुळं फोटोत नुसता हिरवा रंग. आता तिथं रोज बुलबुल येतात, शिंपी येते, सातभाई येतात अन् आले की सगळ्यांना हाकलून लावतात, उन्हाळ्यात शिक्रा पण येऊन बसला होता पाण्यात पाय टाकून. पाणी रोज बदला, परळ घासा, नाहीतर त्यातच रोगराई होते.

सूर्य आपल्या पाठीमागं पाहिजे अन् सकाळी साडेआठच्या आतला पाहिजे, नंतर आमच्या इकडचं ऊन सगळे रंग खाऊन टाकते. डोळ्यावर फोकस घ्या, डोळा साफ आला तर शेपटी थोडी हलली तरी चालते. कोतवालाचा डोळा काळ्या अंगात हरवून जाते, तो मान वळवते तेव्हा डोळ्यात उजेडाचा एक ठिपका येते, तेवढ्या क्षणाची वाट पाहावी लागते. अन् बगळ्याचं उलट. चिखलणीच्या दिवसांत काळ्या गाऱ्यावर पांढरा बगळा असला की कॅमेरा फसते, सगळा बगळा पांढराफटक जळून जाते, एकही पीस दिसत नाही, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड निम्मा करा. मी हे शिकलो ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून. भाऊ चिखलणी करते, मी मडगार्डवर, अन् मागं शंभरभर गायबगळे, दोन-चार मुग्धबलाक, गोगलगायी अन् बेडकं वेचत. पायी गेलो असतो तर चाळीस पावलांवरच उडाले असते, ट्रॅक्टरला मात्र भीतच नाहीत. उडता बगळा पाहिजे तर शटर १/२००० सेकंद ठेवा, बसलेल्याला १/५०० पण पुरते. ज्याच्याजवळ कॅमेरा नाही त्यानं मोबाईल खिडकीत टेकवून ठेवावा अन् परळ खिडकीजवळ आणावं, चांगले फोटो येतात, माझी पोरगी तसेच काढते, आठवीत आहे.

घराजवळच्या पक्ष्याची गंमत अशी की तो रोज दिसते, म्हणून त्याचं वर्ष दिसते. मागच्या वर्षी आमच्या सपरीतल्या म्हणजे पडवीतल्या कपडे वाळवायच्या तारेवर शिंजीरच्या मादीनं घरटं केलं, कोळ्याचं जाळं, वाळलं गवत, कागदाचे कपटे सगळं लोंबकळवून, दाराला वरून छोटंसं छज्जासारखं. मायनं महिनाभर त्या तारेवर कपडा टाकला नाही, पाहुणे आले तर त्यांनाही मागच्या दारानं नेलं. घरटं हातभर अंतरावर होतं अन् मी त्याचा एकही फोटो काढला नाही. नराचे काढले, समोरच्या जास्वंदीवर. सावलीत तो साधा काळा दिसते, अंग वळवलं अन् ऊन लागलं की जांभळा, निळा, परत काळा. अन् पावसाळ्यानंतर पाहतो तर तोच नर मादीसारखा पिवळट, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी राहिलेली. माझ्याजवळ त्याच जास्वंदीवरचे वर्षभराचे फोटो आहेत. एका दिवसासाठी आलेल्या माणसाला हे कधीच मिळणार नाही.

एक बारीक गोष्ट, राग मानू नका. पक्ष्याचं नाव कोणा जाणकाराकडून तपासून छापा. पांढऱ्या छातीचा खंड्या बरेचदा नीलकंठ म्हणून छापला जाते, आमच्या इकडं दसऱ्याला नीलकंठ पाहायची रीत आहे, त्यामुळं म्हातारी माणसं लगेच ओळखतात अन् पेपरालाही येत नाही म्हणतात. आणि नावासोबत वाचकाला विचारा की तुमच्या गावात याला काय म्हणता. भारद्वाजाला कोणी कुंभारकावळा म्हणते, धोबी पक्ष्याला कोणी परीट म्हणते, ही नावं म्हाताऱ्यांसोबतच जाऊन राहिली, शाळेतली पोरं आता सगळ्यांना "बर्ड"च म्हणतात. पेपरात छापून आली तर टिकतील.

फोटोच्या पानावर खाली दोन ओळींची चौकट टाका एवढंच मागणं आहे. घरट्यांचे, पिल्लांचे, अंड्यांचे फोटो स्वीकारले जाणार नाहीत, अन् पक्षी ओरडत घिरट्या घालत असेल, किंवा चोचीत किडा धरून नुसता इकडून तिकडं बसत असेल, तर तुम्ही घरट्याच्या फार जवळ आहात, मागं सरा. ही दुसरी ओळ लोकांना माहीत नसते. चोचीत चारा धरून बसलेला पक्षी पाहून लोक खूश होतात, काय पोज दिली म्हणतात, अन् तिकडं पिल्लं उपाशी असतात कारण तो आपल्यासमोर घरट्यात जायला भिते. मला पण पहिलं वर्षभर माहीत नव्हतं, एका कोतवालाला मी असंच अर्धा तास बसवून ठेवलं होतं, त्याचं मला अजूनही वाईट वाटते.

आता तलावावर बदकं उतरायला लागली, थापट्या, तलवार बदक, अजून महिन्याभरात चांगली गर्दी होईल. त्यांचे फोटो भरपूर येतील तुमच्याकडं, ते छापा, ती इथं घरटं करत नाहीत. फक्त तलावाच्या पाळीवरून म्हणजे बांधावरूनच काढा, डोंग्यात बसून मागं लागू नका, हजारो मैल उडून आलेला पक्षी असते तो, त्याला इथं आरामाला जागा पाहिजे.

सोबत तीन फोटो जोडले आहेत. पहिला बोरीच्या फांदीवरचा दयाळ. दुसरा चिखलणीतले बगळे, त्यात डाव्या कोपऱ्यात भावाचा हात आला आहे, तो कापू नका, त्याला पेपरात यायचं आहे. तिसरा टिटवीचा, पोटातून थेंब पडून राहिले तो. त्यात अंडी दिसत नाहीत, मी पाहून घेतलं. तिसऱ्याखाली गाव टाकू नका, ती जोडी अजून इथंच आहे, आज सकाळी बोडीच्या पाळीवर दोघंही फिरून राहिले होते.

आपला,
एक नियमित वाचक
ता. साकोली, जि. भंडारा
(नाव छापू नये)